शिवारातला रेडिओ मुका होऊ देऊ नका

मृगाच्या तोंडावर आम्हा शेतीखात्याच्या माणसांची गावोगाव बियाण्यांच्या बैठकांची धांदल असते. अशाच एका बैठकीसाठी डोंगराच्या पायथ्याच्या एका वस्तीवर गेलो होतो. गोठ्यातल्या मेढीला खिळा मारून रेडिओ अडकवलेला. त्याला जुन्या धोतराच्या कापडाची खोळ, घरच्या बाईने हाताने शिवलेली. धारा काढायची वेळ होती. वस्तीवरच्या तात्यांनी बटण फिरवलं. आधी नुसती खरखर, मग एक गाणं लागलं, तेही कुठल्या तरी लांबच्या केंद्राचं. तात्यांनी मान हलवली.

"सायेब, या टायमाला आधी आपल्याकडचं भजन लागायचं. मग शेतीचं सांगायचे, मग बाजारभाव. आता कवा काय लागंल त्याचा नेम न्हाई. आपलंच केंद्र आपल्याला वळखंना झालंय."

हे एकट्या तात्यांचं गाऱ्हाणं असतं तर आज त्यावर लिहायचं कारण नव्हतं. पण गेली दोन-तीन वर्षं वाड्या-वस्त्यांवर फिरताना हेच बोल कानावर येतात. दुसरीकडे शहरात बसलेली शिकलेली मंडळी विचारतात, "अहो, आता रेडिओ ऐकतो कोण?" या दोन बोलण्यांच्या मध्ये आपल्या गावाचं काहीतरी मोलाचं हातचं जायला लागलं आहे. वेळेवर सांगितलेलं बरं.

एका जुवाचे दोन बैल

आकाशवाणीवरचं गाणं आणि आकाशवाणीवरची शेतीची, गावची, सरकारदरबारची बात हे एका जुवाला जुंपलेले दोन बैल आहेत. एक सोडला की दुसरा जागेवर बसतो. नुसता पीकसल्ला ऐकायला माणूस रेडिओ लावत नाही, हे आपण मोकळ्या मनाने कबूल करू. तो सकाळी लावतो भक्तिगीतासाठी. चूल पेटलेली असते, चहा उकळत असतो, आणि गाण्याच्या मागोमाग बातम्या येतात, हवामान येतं, पिकावरच्या किडीचं येतं. गाण्यासाठी उघडलेल्या कानात कामाचं बोलणं आपसूक जातं. कीर्तनकार मध्येच अभंग म्हणतो तो उगीच नव्हे. अभंगानं माणूस बसून राहतो, आणि बसलेल्या माणसाला चार शब्द सांगता येतात.

पुणे केंद्राने हे सत्तर वर्षांपूर्वी करून दाखवलं. १९५५ सालच्या १ एप्रिलला, रामनवमीच्या दिवशी, त्या केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडक्यांचं. आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन्न गाणी वर्षभर चालली. जुनी माणसं सांगतात की त्या वेळेला ज्याच्या घरी रेडिओ त्याच्या ओसरीवर सगळी आळी जमायची.

ते वर्ष संपत आलेलं असतानाच, १९५६ च्या फेब्रुवारीत, त्याच पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने शेतकऱ्यांची रेडिओ मंडळं काढली. पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावं निवडली. गावात साधारण वीस माणसांचं मंडळ. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकंदर वीस कार्यक्रम. रीत अशी, की आधी ऐकायचं, मग आपसात बोलायचं आणि मग काय करायचं ते ठरवायचं. मंडळाला पडलेले प्रश्न केंद्राकडे लिहून पाठवायचे आणि त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमातून यायची. टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली, तेव्हा मंडळं असलेल्या गावांतल्या लोकांच्या माहितीत इतर गावांपेक्षा ठळक वाढ झालेली दिसली. १९५९ पासून ही योजना देशभर नेण्यात आली. म्हणजे ज्या रेडिओ मंडळांचा जगभर अभ्यास झाला, ती आपल्याच मातीत, आपल्याच भाषेत उभी राहिली होती.

याच केंद्राच्या ग्रामीण विभागात व्यंकटेश माडगूळकरांनी अनेक वर्षं काम केलं. माणदेशातला कथाकार शेतकऱ्यांच्या कार्यक्रमाला लाभला. गावाशी बोलायचं तर गावाची बोली जाणणारा माणूस हवा, हे तेव्हाच्या लोकांना कळत होतं.

रेडिओच्या शब्दाला वजन किती होतं याचा दाखला पाहायचा तर तमिळनाडूत तंजावरला जावं लागेल. तिथे एडीटी-२७ नावाच्या भाताच्या वाणाचा प्रसार आकाशवाणीवरून इतका झाला की शेतकऱ्यांनी त्याचं नावच 'रेडिओ भात' ठेवलं. बियाण्याच्या पोत्यावर कंपनीचं नाव असतं हे सगळ्यांनी पाहिलं आहे. इथे बियाण्याला रेडिओचं नाव मिळालं.

गाणं काढलं की ऐकणारा जातो

उलट काय होतं तेही घडून गेलेलं आहे. १९५२ साली बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले. माणूस संगीताचा मोठा जाणकार. त्यांच्या काळात शास्त्रीय संगीताला आकाशवाणीवर भक्कम आधार मिळाला, राष्ट्रीय संगीत कार्यक्रम सुरू झाला, ही त्यांची मोठी कामगिरी आहे. पण चित्रपटगीतांवर त्यांनी कात्री चालवली. झालं काय? ऐकणाऱ्यांनी सुई फिरवली आणि ते रेडिओ सिलोनकडे गेले. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू करावी लागली, तेव्हा माणसं परत आली.

यातला धडा साधा आहे. लोकांना आवडणारं गाणं काढून घेतलं की ऐकणारा जातो, आणि ऐकणारा गेला की त्याच्याबरोबर शेतीचा सल्ला ऐकणाराही जातो.

आता दुसरी बाजू बघा. खासगी एफएम वाहिन्या गाणी भरपूर लावतात. पण स्वतःच्या बातम्या द्यायला त्यांना परवानगी नाही. आकाशवाणीच्या बातम्या फार तर जशाच्या तशा लावता येतात. शिवाय त्यांचं पोट जाहिरातीवर. सोयाबीनवरच्या खोडमाशीची चर्चा करून त्यांना जाहिरात कोण देणार? तेव्हा गाणं आणि गावची बात एकत्र नांदायची जागा मुख्यतः आकाशवाणीच. म्हसवडचं 'माणदेशी तरंग', बारामतीची 'शारदा कृषी वाहिनी' असे सामुदायिक रेडिओ चांगलं काम करतात, त्यांचं कौतुकच आहे. पण त्यांचा आवाज आजूबाजूच्या थोड्या गावांपुरता. जिल्हा कवेत घ्यायला आकाशवाणीच पाहिजे.

मोबाईल आहे की!

यावर लगेच उत्तर येतं की आता प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे. खरं आहे. मी स्वतः मोबाईल वापरतो, शेतकरी मला पानाचा फोटो पाठवतात, मी कीड ओळखून उत्तर देतो. रेडिओला फोटो दाखवता येत नाही. मोबाईलचं हे उपकार मानायलाच हवेत.

पण तीन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली, मोबाईलवर फिरत आलेल्या सल्ल्याला धनी नसतो. कुणीतरी कुठूनतरी पाठवलेलं, "अमुक औषधात तमुक मिसळा, आळी झटक्यात जाते." पीक जळालं तर जाब कुणाला विचारायचा? रेडिओवर बोलणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि गाव सांगितलेलं असतं. चुकलं तर दुसऱ्या दिवशी माणूस दारात येऊन उभा राहतो. हा अनुभव मी घेतलेला आहे आणि तो मी चांगलाच समजतो.

दुसरी गोष्ट, शेतातल्या माणसाचे हात रिकामे नसतात. भांगलणाऱ्या बाईचे, धार काढणाऱ्याचे, पाठीवर पंप घेतलेल्या मजुराचे हात कामात असतात आणि कान मोकळे असतात. मोबाईलला हात आणि डोळे दोन्ही लागतात. रेडिओ बांधावर ठेवला की झालं. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन कितीतरी शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. फवारणी वाऱ्याच्या दिशेने करावी, नाका-तोंडाला बांधावं, औषधं मनाने एकत्र करू नयेत, उपाशीपोटी पंप उचलू नये, या चार गोष्टी कुणाला कळायला हव्या होत्या? पंप उचलणाऱ्या मजुराला. महागडा मोबाईल मालकाच्या खिशात असतो आणि मजूर असतो रानात. दोन गाण्यांच्या मध्ये ही चार वाक्यं रोज, महिनाभर, त्याच्या कानावर पडत राहिली तर त्याचा उपयोग किती होईल हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

तिसरी गोष्ट पैशाची. ॲपवर आकाशवाणी ऐकता येते हे बरोबर, पण त्याला रिचार्ज लागतो आणि रेंज लागते. रेडिओला लागतात दोन सेल.

डोंगराआडची गावं

आता नेमकं बिघडतंय कुठे? एक तर लहरींचा प्रश्न आहे. जुनी केंद्रं मध्यम लहरींवर बोलतात. या लहरी जमिनीला धरून लांबवर जातात, डोंगर ओलांडूनही पलीकडे पोचतात. एफएमचा आवाज स्वच्छ, घुंगरू वाजल्यासारखा. पण त्या लहरी जवळपास सरळ रेषेत चालतात. डोंगर आडवा आला की मागची वस्ती कोरडी. मध्यम लहरींची यंत्रं जुनी झाली, त्यांना वीज फार लागते, म्हणून देशभर त्यांतली बरीच गेल्या काही वर्षांत बंद करून एफएमवर भर देण्यात आला. खर्चाचं गणित आम्हालाही कळतं. पण नवी विहीर लागल्याशिवाय जुनी बुजवायची नसते. एफएमचा आवाज डोंगराआडच्या शेवटच्या वस्तीवर पोचतो का, हे आधी तिथे जाऊन, रेडिओ लावून पाहिलं पाहिजे. नकाशावर गोल काढून ते कळत नाही.

दुसरा प्रश्न वेळेचा. छोट्या केंद्रांवर कायमची माणसं कमी होत गेली. पुष्कळ ठिकाणी नैमित्तिक उद्घोषकांच्या जिवावर गाडा चालतो. माणूस नाही म्हणून स्थानिक कार्यक्रम नाही, आणि स्थानिक कार्यक्रम नाही म्हणून दुसऱ्या केंद्राचा कार्यक्रम जोडून द्यायचा, असं चालतं. २०२३ च्या जूनमध्ये पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करण्याचा निर्णय झाला होता. सकाळी सात वाजून पाच मिनिटांच्या बातम्यांवर ज्यांचं घड्याळ लागतं अशा लोकांनी, पुढाऱ्यांनी आणि पत्रकारांनी आवाज उठवला, तेव्हा त्या निर्णयाला स्थगिती मिळाली. यातून एक कळलं. ऐकणारे बोलले की ऐकून घेतलं जातं. गप्प बसले की कागदावर सही होते.

आणि हे काही कुणी आपल्यावर उपकार म्हणून करायचं काम नाही. प्रसार भारतीचा कायदा १९९० सालचा आहे आणि महामंडळ २३ नोव्हेंबर १९९७ पासून कामाला लागलं. शेती, ग्रामीण विकास, आरोग्य आणि शिक्षण यांकडे विशेष लक्ष द्यावं, निरनिराळ्या भागांतल्या संस्कृतीला आणि भाषांना पुरेशी जागा द्यावी, असं त्या कायद्यातच लिहून ठेवलं आहे. आपल्या वडीलधाऱ्यांनी एके काळी दर वर्षी पोस्टात जाऊन रेडिओचं लायसन भरलेलं आहे. मागणी करायचा आपला हक्क जुना आहे.

चूक आमच्याही पदरात

दुसऱ्याला सांगताना स्वतःच्या ताटाखालचं मांजरही दिसलं पाहिजे. शेतीचे कार्यक्रम लोक कंटाळून बंद करतात, त्यात आम्हा खात्यातल्या माणसांचा वाटा मोठा आहे. मी नोकरीला लागल्यावर पहिल्यांदा ध्वनिमुद्रणाला गेलो, तेव्हा चार पानं लिहून नेली होती. "प्रादुर्भाव आढळून आल्यास फवारणी करण्यात यावी," असं सगळं. तिथल्या कार्यक्रम अधिकारी बाईंनी दोन मिनिटं ऐकलं आणि यंत्र थांबवलं. म्हणाल्या, "साहेब, हे परिपत्रक तुम्ही कचेरीत वाचा. इथे तुमच्या आईला सांगता तसं सांगा." कागद बाजूला ठेवला आणि बोललो. "आधी बियाणं उगवतंय का बघा. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळा, रोज पाणी शिंपडा, सात-आठ दिवसांनी मोजा. सत्तरच्या वर उगवले तर घरचंच सोयाबीन बिनधास्त पेरा. आणि पंच्याहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय तिफणीला हात लावू नका." पुढच्या आठवड्यात एका गावातल्या बाईने मला गोणपाटाची गुंडाळी उघडून दाखवली. ब्याऐंशी दाणे उगवले होते. "रेडिओवर तुम्हीच बोललात न्हवं?" म्हणाल्या. विकतच्या पिशवीचे पैसे त्या घराचे वाचले.

माझ्या चार पानांनी ते झालं नसतं, त्या बाईंच्या एका वाक्याने झालं. म्हणून केंद्रावर असा कार्यक्रम करून घेणारं जाणतं माणूस लागतं. ते पद रिकामं राहिलं की आमच्यासारखे परिपत्रक वाचून मोकळे होतात.

गाण्याचंही तेच. आपल्या भागात भजनी मंडळं आहेत, धनगरी ओव्या आहेत, भारूड आहे, शाहिरी आहे. जात्यावरच्या ओव्या पाठ असलेल्या म्हाताऱ्या आया अजून आहेत, पण किती दिवस? पूर्वी आकाशवाणीची स्वरपरीक्षा पास झालेला गडी गावात ताठ मानेने फिरायचा, कार्यक्रमाच्या कागदावर 'आकाशवाणी कलाकार' असं छापायचा. त्याचं गाणं लागणार म्हटलं की सगळं गाव रेडिओ लावायचं, आणि त्याच्या पुढचा शेतीचा कार्यक्रमही ऐकायचं. गावचा गळा रेडिओवर आला की रेडिओ गावचा होतो. बाहेरून जोडून दिलेल्या गाण्याने करमणूक होते, पण ही आपुलकी येत नाही.

मग करायचं काय?

मागण्या मोठ्या नाहीत. सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास, प्रत्येक स्थानिक केंद्रावर, त्याच जिल्ह्याचा असावा. त्या वेळेत बाहेरचा कार्यक्रम जोडू नये. त्या तासात गाणं आणि बात मिसळून असावी. अर्धा तास नुसतं भाषण आणि अर्धा तास नुसती गाणी अशी वाटणी नको. मध्यम लहरींचं यंत्र बंद करण्याआधी डोंगराआडच्या वस्त्यांवर आवाज तपासावा. रिकाम्या जागा भराव्यात, निदान नैमित्तिक माणसांना तरी वर्षभराचा नेम द्यावा. आमच्या खात्याने दर आठवड्याला प्रत्येक तालुक्यातून एक माणूस प्रश्नोत्तरांसाठी द्यावा, आणि त्याने कागद न वाचता बोलावं.

गावकऱ्यांनीही दोन कामं करावीत. पहिलं, दूध संकलन केंद्रावर रेडिओ लावावा. सकाळ-संध्याकाळ तिथे अख्खं गाव किटल्या घेऊन उभं असतं. १९५६ सालच्या वीस माणसांच्या मंडळाला मुद्दाम जमवावं लागत होतं, इथे माणसं आयतीच जमलेली असतात. ऐकलं, रांगेत उभ्या उभ्या बोलणं झालं, की मंडळ झालं. दुसरं, केंद्राला पत्र लिहा. काय ऐकलं, काय आवडलं, काय लागलं नाही, कुठल्या वस्तीवर खरखर येते, सगळं लिहा. ऐकणारा आहे याचा पुरावा केंद्राकडे पत्रांशिवाय दुसरा कुठला? पत्रं आली नाहीत तर "रेडिओ ऐकतो कोण" असं म्हणणाऱ्यांचंच खरं ठरेल.

त्या दिवशी तात्यांना मी हेच म्हणालो. तात्या म्हणाले, "मला कुठं लिव्हता येतंय?" त्यांची नात नववीला आहे. कंदील-दिव्याचा काळ गेला, घरात वीज आहे, वही आहे, पेन आहे. तिला जवळ बसवून तात्यांनी मजकूर सांगितला. भजनाची वेळ पूर्वीसारखी करा, शेतीचं आपल्या बोलीत सांगा, आणि आमच्या वस्तीवर आवाज तुटक येतो तेवढं बघा. खाली वस्तीवरच्या अकरा जणांनी सह्या आणि अंगठे केले. जाता जाता ते पत्र मी तालुक्याच्या पोस्टात टाकलं.

आपल्याही घरात शाळेत जाणारं एखादं लेकरू असेलच. पेरणीच्या आत एक पत्र तुमच्या वस्तीवरूनही जाऊ द्या.